रिकाम्या खणांची साक्ष

सात खण. सात झाकणं. प्रत्येक झाकणावर वाराचं एकेक अक्षर, त्यांतलं गुरुवारचं निम्मं झिजलेलं. मंगळवारच्या बिजागरीला केसाएवढा तडा. आणि आत, ज्या दिवशी माझं खरं काम सुरू झालं त्या दिवशी, सात लांबट पांढऱ्या गोळ्या.

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. माझ्यात आठवड्याच्या गोळ्या ठेवतात. प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबले, भोवती गार पाणी फिरवलं आणि मी टक्कन बाहेर पडले. तपासणीला बसलेल्या बाईंनी माझी झाकणं एकामागून एक वाजवून पाहिली आणि मला पास झालेल्या मालात टाकलं. मग औषधांच्या दुकानात, काचेच्या कपाटात, कंगव्यांच्या शेजारी मी बरेच दिवस पडून होते. तिथून एका मुलीनं मला उचललं. ती शहरात बस चालवते. तिनं मला आपल्या वडिलांसाठी घेतलं होतं.

तिचे बाबा रंगारी. उंच जिने, दुकानांची दर्शनी बाजू, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या, असं शिडीवरचं काम त्यांच्याकडे येतं. त्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं होतं. त्यातलं जे वाईट, ज्याला एलडीएल म्हणतात, ते एकशे अठ्ठ्याहत्तर. त्यांचा थोरला भाऊ त्यांच्याच वयाचा असताना हार्ट अटॅकनं गेला होता. त्यामुळे घरात ह्या आकड्याला सगळेच घाबरून होते.

"घ्या बाबा," लेकीनं मला त्यांच्यापुढे ठेवलं. "आता 'घेतली की नाही, आठवत नाही' हे नाटक बंद."

"मी काय शाळेत जातो, डबा द्यायला?"

"शाळेतली पोरं निदान डबा संपवून येतात," आई आतून म्हणाल्या.

सुरुवातीचे दिवस फार चांगले गेले. रात्रीचं जेवण झालं की बाबा त्या वाराचं झाकण उघडत, गोळी घेत, वर ग्लासभर पाणी पीत. सकाळी ड्युटीवर निघताना लेक माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "रिकामा! शाबास." शाबासकी बाबांना असायची, पण मला वाटायचं मलाच.

महिना उलटला आणि बाबांच्या मांड्या दुखू लागल्या. कामाचा दुखावा त्यांच्या ओळखीचा होता. तो रात्री झोपलं की सकाळी जायचा. हा जात नव्हता. खुर्चीतून उठताना ते दोन्ही हातांनी टेकू घ्यायचे आणि कुणी बघत नाही ना, ते पाहायचे. एकदा शिडीवर पाय लटपटला. ही गोष्ट त्यांनी घरात कुणाला सांगितली नाही. सांगितली ती ब्रशांना, कारण धुताना त्यांच्याशी बोलायची बाबांना सवय आहे.

"गोळ्यांचा पहिला हात झाला," ते ब्रश झटकत पुटपुटले. "आता वाळू द्यावा. लगेच दुसरा दिला की पोपडे धरतात."

त्या रात्री त्यांनी शुक्रवारचं झाकण उघडलं, गोळी हातात काढली, पाण्याचा ग्लास घेतला आणि गॅलरीत गेले. माझी फळी गॅलरीच्या खिडकीला लागूनच आहे. ब्रश बुडवून ठेवायचा टर्पेंटाइनचा डबा तिथे असतो. गोळी त्यात पडली. टर्पेंटाइनमध्ये ती विरघळत नाही, तळाच्या गाळात जाऊन बसते. बाबा पाणी प्यायले आणि आत आले.

"घेतली?" आईंनी विचारलं.

"बघ की डबी."

आईंनी बघितलं. खण रिकामा होता.

पाय दुखायचे थांबले, म्हणून बाबांनी दुसरा हात दिलाच नाही. रोज एक खण रिकामा होत गेला आणि रोज मला शाबासकी मिळत गेली. मित्रांनो, मला चैन पडेना. माझ्याकडे सात झाकणं आहेत, पण तोंड एकही नाही. कुणी मला हलवलं की मी खडखडायचे, आणि तो खडखडाट ऐकून कुणाला काही कळत नव्हतं. लेक रिकाम्या खणाकडे बघून हसत निघून जायची.

पुढची तपासणी झाली. एलडीएल एकशे चौऱ्याहत्तर. आईंनी मला पर्समध्ये घालून दवाखान्यात नेलं, पुरावा म्हणून. डॉक्टरबाईंनी माझी झाकणं उघडून बघितली.

"नियमित घेतात?"

"मी स्वतः बघते ना. एक चुकलेली नाही."

बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. "इथे ओल आलीय," ते म्हणाले.

"गोळीचा उपयोग होत नाही म्हणजे मात्रा वाढवायला हवी," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुप्पट ताकदीची गोळी लिहून दिली.

जिना उतरताना आई म्हणाल्या, "आता मी समोर उभी राहून देणार. गिळेपर्यंत हलणार नाही." मी पर्सच्या तळाशी किल्ल्यांवर आपटत होते. ज्या गोळीनं कमी ताकदीची असतानाही पाय धरत होते, तीच आता दुप्पट होऊन खरोखर पोटात जाणार होती, आणि सोमवारपासून बाबांना तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या रंगवायच्या होत्या.

औषधाचं दुकान खालीच होतं. काउंटरवरच्या बाईंनी चिठ्ठी वाचली, जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवला, मग मला उघडून पाहिलं.

"काका, दुसरी कुठली औषधं चालू आहेत? हात-पाय दुखतात?"

"नाही हो," आईंनीच उत्तर दिलं. "ठणठणीत आहेत."

"काकू, ह्यांनाच बोलू द्या." मग त्या बाबांकडे वळल्या. "रोज घेतली तर आकडा बऱ्यापैकी उतरतो. तुमचा जवळजवळ हललाच नाही. एक विचारू? रागावणार नाही ना? गोळी गिळता का?"

बाबांनी माझं एक झाकण मिटलं. पुन्हा उघडलं.

"मांड्या धरायच्या," ते म्हणाले. "म्हणून जरा वाळू दिलं."

"काय वाळू दिलं?" आईंचा आवाज चढला.

"डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, शिडी बंद. मग काय, तिसरा मजला जमिनीवरून रंगवू?"

"आणि मी रोज रिकामी डबी बघून निर्धास्त!"

"तू डबी बघायचीस. माझ्याकडे कुठे बघायचीस?"

आईंनी माझी सगळी झाकणं एकेक करून लावली.

"काका, हा भिंतीवरचा रंगाचा हात नाही, एकदा देऊन टिकायला," दुकानातल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुमचं यकृत रोज नवं कोलेस्टेरॉल बनवतं. गोळी ते काम मंद करते. गोळी थांबली की काही आठवड्यांत सगळं पहिल्यासारखं. ही नवी पाकिटं मी देत नाही. आधी वर जाऊन खरं काय ते सांगा."

वर जाताना आई त्यांच्या एक पायरी मागे राहिल्या. ह्या वेळी त्या त्यांच्या पायांकडे बघत होत्या.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठी फाडली. आधी रक्तातून स्नायूंची तपासणी, थायरॉइडची तपासणी, आणि ती नीट आल्यावर वेगळं औषध, अगदी कमी मात्रेत. "पाय दुखले, अशक्त वाटलं, तर मला कळवा. लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी. आपल्या मनानं बंद करू नका, वाढवूही नका. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका."

"आणि शिडी?"

"चढा. पाय लटपटले तर उतरा आणि फोन करा."

"आधी डॉक्टरांना सांगा," आई म्हणाल्या, "मग तुमच्या ब्रशांना."

आता रोज रात्री आई माझ्याकडे बघतच नाहीत. "पाय कसे आहेत?" असं आधी विचारतात. टर्पेंटाइनच्या डब्यातला गाळ निथळून बाबांनी त्या गोळ्या नष्ट करायला औषधाच्या दुकानात नेऊन दिल्या.

मित्रांनो, मला स्वच्छ, कोरडी आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. गोळ्यांचं पाकीट फेकू नका, औषधाचं नाव आणि मुदत त्यावर असते, माझ्यावर नाही. आणि घरात कुणी गोळ्या घेत असेल, तर माझे खण मोजून समाधान मानू नका. मी फक्त एवढंच सांगू शकते की गोळी इथून गेली. ती कुठे गेली आणि गेल्यावर कसं वाटलं, हे त्या माणसाला विचारा, आणि तो खरं सांगेल इतक्या मायेनं विचारा.

काल नवा रिपोर्ट आला. तो माझ्या शेजारी फळीवर उघडाच ठेवला आहे. स्नायूंची तपासणी: मर्यादेत. एलडीएल: ब्याण्णव.