जबड्यावरचं कुंकू

मी एक जुना व्हर्निअर कॅलिपर आहे, मित्रांनो. वस्तूंची जाडी मोजणं हा माझा धंदा. चंद्रकांतरावांनी बेंगळुरूच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर पहिल्याच पगारातून मला घेतलं. माप घेण्याआधी ते माझे पोलादी जबडे मिटून उजेडाकडे धरत. फट दिसली तर मोजणं बंद! एकदा त्यांनी घरी बायकोच्या, शुभदाताईंच्या, पोळीचीही जाडी मोजली, तेव्हा दोन दिवस अबोला होता. दसऱ्यातल्या आयुधपूजेला, हत्यारं-अवजारं पूजताना, मात्र ते बजावत, "कुंकू पेटीला लाव, जबड्याला नको."

तीन वर्षांपूर्वी ते गेले. जे. पी. नगरच्या घरात, बाल्कनीतल्या कपाटात मी पडून राहिलो.

त्यांचा मुलगा मकरंद आपल्या लेकीची, वेदिकाची, सायकल घरीच दुरुस्त करू लागला. आता आपली आठवण होणार, असं मला वाटलं. पण त्याने स्वस्तातला डिजिटल कॅलिपर मागवला. "बाबांच्या त्या बारीक रेघा कोण वाचत बसणार? घरच्या सायकलीला हे पुरे." मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तसा तो नवा काही वाईट नव्हता.

यंदा आयुधपूजेला शुभदाताईंनी हौसेने आम्हा दोघांच्या थेट जबड्यांवर ओलं कुंकू लावलं. त्याची वाळून खपली झाली. शनिवारी मकरंदने नव्या कॅलिपरने वेदिकाच्या ब्रेकची चकती मोजली.

"वन पॉइंट सेव्हन मिलिमीटर. झिजून दीडच्या खाली गेली की बदलू. उद्या खुशाल जा सायकलने होसकोटेला."

दुपारी घराला बाहेरून कुलूप होतं. तरी कपाट उघडलं. एका थंड हाताने मला उचललं. हात दिसत नव्हता, पण पकड ओळखीची होती. माझ्या जबड्यांवरचं कुंकू पुसलं गेलं. मला चकतीवर अलगद टेकवून, माप हलू नये म्हणून माझा स्क्रू आवळला गेला. मी घाबरलो होतो. आणि मित्रांनो, तीन वर्षांत मला इतका आनंदही झाला नव्हता.

शुभदाताई परतल्या तेव्हा मी सायकलच्या सीटवर होतो. त्यांनी मला उजेडाकडे धरलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्या माझ्या रेघा वाचायला शिकल्याच होत्या.

"मकरंद, हे कपाटातून तू काढलंस?"

"नाही गं."

"एक पूर्णांक चार दाखवतंय. चकतीचं माप घेऊन ठेवलंय कोणीतरी."

मकरंदने नवा कॅलिपर मिटला. पडद्यावर शून्य यायला हवं होतं, आलं शून्य पूर्णांक तीन. जबड्यात कुंकवाची खपली होती. वेदिका सायकलीकडे निघाली, तेव्हा आजीने तिचं मनगट घट्ट धरलं.

चकती बदलली. वेदिका सुखरूप जाऊन आली.

म्हणून सांगतो मित्रांनो, साधन स्वस्त घ्या, पण स्वच्छ ठेवा. दुसऱ्याला मोजण्याआधी त्याचं स्वतःचं शून्य तपासा.

काल दुपारी घर पुन्हा रिकामं होतं. कपाट उघडलं. मी वाट पाहत होतो. त्या हाताने माझ्या शेजारच्या नव्याला उचललं, मिटलं, उजेडाकडे धरलं. पडद्यावर शून्य उमटलं. मग त्याने माझ्या पेटीचं झाकण हलकेच लावलं.