आळ माझ्यावर, हसला चपट्या

मित्रांनो, टेबलावर वायरची शेपटी सोडून बसलेला आणि एक अक्षर उमटवलं तरी अख्ख्या घराला ऐकू जाईल असा कीबोर्ड कधी पाहिलाय? तो मी! जुना आहे, कबूल. पण म्हातारा म्हणायचं काम नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे माझ्या प्रत्येक बटणाखाली एकेक स्प्रिंग बसवली गेली, म्हणून तर माझा आवाज असा खणखणीत. पुढे मी दुकानाच्या फळीवर आलो. एक दिवस आमचा प्रोग्रामर तिथे आला. त्याने डोळे मिटले, माझ्यावर दहाही बोटं ठेवली, खाडखाड काहीतरी लिहिलं आणि दुकानदाराला म्हणाला, "हाच!" शेजारच्या कीबोर्डांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. हेवा म्हणजे काय हे तेव्हा मला कळत नव्हतं. कसं कळणार? तेव्हा तो दुसऱ्यांना वाटत होता ना!

मग सुरू झाले माझे सोन्याचे दिवस. दिवसभर आम्ही दोघं मिळून प्रोग्राम लिहायचो. काम आटोपलं की प्रोग्रामर आपल्या वेबसाइटवर रोजची टीप लिहायचा. आज प्रोग्राम कुठे अडला आणि कसा सुटला, हौसेने खोललेला इअरफोन आता पुन्हा जुळत का नाही, गॅलरीतल्या टोमॅटोला फूल आलं की नुसतीच पानं. वाचणारे मोजकेच होते, पण सगळ्यात पहिला वाचक मी. त्याची बोटंच मला सगळं सांगायची. काम अडलं की तो खोडायच्या बटणावर नुसता तुटून पडायचा. सुटलं की एंटरवर असा ठोसा मारायचा की शेजारचा चहाचा कप दचकायचा. तो ठोसा म्हणजे माझी शाबासकी!

त्याची मोठी बहीण, म्हणजे घरातल्या पोरीची आत्या, दर रविवारी यायची. ती म्हणायची, "बाळ्या, तू नक्की प्रोग्राम लिहितोस की सुतारकाम करतोस रे?" मला तर ते कौतुकच वाटायचं.

आणि मग तो आला. चपट्या!

बिनवायरचा, पापडासारखा पातळ, बटणांखाली रंगीत दिवे, आणि आवाज? अजिबात नाही. मुक्याने लिहितो बेटा. प्रोग्रामर त्याला ऑफिसला नेऊ लागला, संध्याकाळी घरीही त्याच्यावरच लिहू लागला. मऊ फडक्याने पुसू लागला. मला इतक्या वर्षांत कधी फडकं दिसलं नव्हतं, माझ्या पोटात बिस्किटांचा चुरा आहे तो आहेच. मी कोपऱ्यात सरकलो आणि जळून जळून खाक झालो. रात्री त्याचे दिवे लुकलुकायचे तेव्हा वाटायचं, एक तरी बल्ब उडू दे याचा.

पण खरी कमाल पुढेच आहे. एका संध्याकाळी प्रोग्रामरला चपट्याच्या कौतुकाची टीप लिहायची होती. नेमका चपट्या चार्जिंगला लागलेला. मग काय, ओढला मला पुढे! "इतका हलका, इतका शांत कीबोर्ड मी आजवर वापरला नव्हता," हे वाक्य माझ्याच बटणांवर लिहिलं गेलं, मित्रांनो. स्वतःच्या हाताने सवतीची आरती ओवाळायची म्हणजे काय, ते मला विचारा.

त्यानंतरच्या रविवारी माझ्यावर संकट कोसळलं. चपट्या ऑफिसच्या पिशवीत होता आणि पिशवी सोफ्यावर. आत्या नेहमीसारखी आली आणि पिशवीला टेकून ऐसपैस बसली. चपट्या बाहेर काढायचा कंटाळा आला म्हणून प्रोग्रामर माझ्यावर टोमॅटोची टीप लिहायला बसला. मी तर हरखूनच गेलो. पहिलं वाक्य संपलं आणि पडद्यावर उमटलं, "हहहहहहहह".

मी काही केलं नव्हतं! त्याने खोडलं. पुन्हा "हहहहहह". त्याने संगणक बंद करून चालू केला. थोडा वेळ शांतता, मग पुन्हा तेच हसणं.

"बाबा, तुझा टोमॅटो फार विनोदी दिसतोय," पोरगी म्हणाली.

"गप गं. हा म्हातारा बिघडलाय. ह अडकलाय त्याचा."

त्याने माझी वायर उपटली. अगदी त्याच वेळी आत्या उठून चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. हसणं थांबलं.

"सापडला चोर!" प्रोग्रामरने टाळी वाजवली. "वायर काढली, ह बंद. सरळ हिशोब आहे."

कसला सरळ! पण मी सांगणार कसं? सगळी अक्षरं माझ्यापाशी, आणि कुणी दाबल्याशिवाय मला एकही बोलता येत नाही. त्याने मला दाराजवळच्या ई-कचऱ्याच्या खोक्यात टाकलं, फुटक्या चार्जरच्या उरावर. गाडी दुपारी येणार होती. वर फोनवरून टीपही टाकली, "जुना कीबोर्ड गेला. नव्याला तोड नाही." म्हणजे जीव जायच्या आधी अब्रू गेली.

आत्या चहाचा कप घेऊन आली आणि पुन्हा पिशवीला टेकली. खाली गाडीचा भोंगा वाजला. प्रोग्रामरने खोकं उचललं.

"बाबा, थांब!" पोरगी पडद्यासमोर उभी होती. "कीबोर्ड खोक्यात आहे ना? मग हसतंय कोण?"

पडद्यावर ह ची रांग चालली होती. प्रोग्रामर खोकं धरून तसाच उभा. पोरीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आत्या, जरा ऊठ ना."

"अगं, आत्ता कुठे टेकले!"

"ऊठ तर!"

आत्या उठली. ह थांबला.

"आता बस."

"हहहहहह".

"ऊठ. बस. ऊठ."

"मी काय तुमचं बटण आहे का गं?" आत्या करवादली. "चहा सांडेल माझा!"

पोरीने पिशवीत हात घातला आणि चपट्याला बाहेर ओढलं. दिवे चालूच! पिशवीत टाकताना त्याला बंद करायचं राहून गेलं होतं. आत्या टेकली की पिशवीतल्या जेवणाच्या डब्याचा कोपरा त्याच्या ह वर दाबला जायचा, आणि हा मुका बेटा बिनवायरचा तिकडून लिहीत बसायचा. नाव मात्र माझं!

"बाळ्या," आत्या म्हणाली, "तू लोकांच्या प्रोग्रामातल्या चुका शोधतोस ना? पगार देतात तुला त्याचा?"

प्रोग्रामरचे कान लाल झाले. गाडी भोंगा वाजवून निघून गेली. त्याने मला खोक्यातून काढलं, उलटा करून बिस्किटांचा चुरा झटकला आणि, खरं सांगतो, त्याच मऊ फडक्याने पुसलं. मग वायर जोडून माझ्यावर नवी टीप लिहिली: "जुन्या कीबोर्डचा काही दोष नव्हता. वायर काढली तेव्हाच ताईही उठली होती. मी फक्त वायर पाहिली, कारण जुनं आहे म्हणजे तेच बिघडलं असणार, असं मी आधीच ठरवून बसलो होतो."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातलं जुनं माणूस असो की जुनी वस्तू, त्यांच्यावर आळ घेण्याआधी एकदा नव्याच्या पिशवीतही डोकावून बघा. आणि चुरा झटकत जा हो अधूनमधून!

दुसऱ्या दिवशी चपट्या पुन्हा ऐटीत ऑफिसला गेला. माझा हेवा संपला असं तुम्हाला वाटलं? छे! ते दिवे अजून माझ्या डोळ्यांत खुपतात. पण त्या टिपेच्या शेवटी प्रोग्रामरने एंटरवर जो ठोसा मारला, त्याने आत्याचा कपसुद्धा दचकला. तसा ठोसा चपट्याला कधीच मिळायचा नाही. मोडेल ना बिचारा!