खडूवरची काळी रेघ

मी एक जुनी लोखंडी घोडी आहे. मित्रांनो, सात महिने माझ्या डोक्यावर एक पत्र पडून होते. ते विल्फ पेंगेलीला आले होते आणि त्याने त्याचे उत्तर दिले नव्हते. तो रोज पत्र्याच्या शेडमध्ये येई, पत्र उचली, चष्मा लावून हळू आवाजात वाची आणि पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवून घरात जाई. ऐकून ऐकून मला ते पाठ झाले होते. प्रत्येक वाचनाबरोबर माझी भीती मात्र वाढत होती.

घोडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर आयाळ आणि शेपूट आली असेल. तशी मी नाही. मला चार पसरलेले पाय आहेत, मधून एक दातेरी दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला खोलगट डोके आहे. जॅक गाडी उचलतो, पण तिला धरून ठेवणे हे त्याचे काम नव्हे. त्याच्या पोटातले तेल कधी झिरपेल ते त्यालाही ठाऊक नसते. म्हणून उचललेली गाडी माझ्या आणि माझ्या जुळ्या बहिणीच्या डोक्यावर टेकवायची आणि मगच माणसाने खाली शिरायचे. गाडी आणि माणसाची छाती यांच्यामध्ये आम्ही दोघीच असतो. एवढे मोठे काम, आणि मी स्वभावाने अशी भित्री!

मला विल्फच्या धाकट्या भावाने बनवले. त्याचे नाव डेस. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल गावच्या खाणीत तो लोखंड जोडण्याचे काम करी. जेवणाच्या सुट्टीत एका हाताने पॅस्टी, म्हणजे मांसबटाट्याची मोठी करंजी, खात त्याने उरलेसुरले पाइप आणि पट्ट्या गोळा केल्या, आणि आठवडाभरात आम्ही दोघी उभ्या राहिलो. त्याने आम्हाला पिवळा रंग दिला आणि पायावर लिहिले, ‘डेसच्या आहेत. परत आणा.’ मग विल्फला बोलावले. विल्फ गावच्या ग्रंथालयात कामाला होता. पुस्तकांत तो जितका मोकळा, माणसांत तितकाच अवघडलेला.

“बघ विल्फ, तुझं अख्खं ग्रंथालय हिच्या डोक्यावर ठेव, हूं की चूं करायची नाही.”

विल्फने मला चारही बाजूंनी पाहिले. “पण ही किती वजन पेलते, ते कुठं लिहिलंय?”

“लिहायचं काय त्यात? मी बनवलीय ना! तुला लेका पोळीवरसुद्धा छापील सूचना लागते.”

दोघेही हसले. मला मात्र हसू आले नाही. खरेच, मी किती वजन पेलते? ते कोणीच मोजले नव्हते.

पहिल्यांदा डेसची होल्डन गाडी माझ्या डोक्यावर टेकली तेव्हा माझे चारही पाय लाल मातीत अर्धे बोट रुतले. डेसने लगेच गाडी उचलली, आमच्या पायांखाली जाड फळ्या सरकवल्या आणि गाडी पुन्हा टेकवली. त्यानंतर त्याने जे केले ते तो पुढे दर वेळी करीत असे. गाडीला खांदा लावून त्याने दोनदा जोरात धक्का दिला. आम्ही हललो नाही. “चला, पोरी जाग्या आहेत,” असे म्हणून तो खाली सरकला. त्या दोन धक्क्यांमुळेच मला धीर येई. तो आधी आम्हाला विचारी आणि मग आपला जीव आमच्या हवाली करी.

अकरा वर्षे आम्ही काम केले. शेजारीपाजारी आम्हाला मागून नेत आणि पायावरची पिवळी अक्षरे वाचून परत आणीत. एकदा विल्फ आम्हाला घेऊन गेला. त्याच्या गाडीचा सायलेन्सर गळून पडायला आला होता आणि तो स्वतः बदलायचा असे त्याने मनात घेतले होते. गाडी आमच्यावर चढवून त्याने जुना सायलेन्सर काढला. पण नवा बसवण्यापूर्वी त्याला एक पुस्तक वाचावेसे वाटले. त्यात एक गोष्ट नीट कळेना, म्हणून त्याने दुसरे आणले. नऊ दिवस आम्ही ती गाडी डोक्यावर घेऊन उभ्या होतो आणि विल्फ आत वाचत होता.

शुक्रवारी डेस कुंपणापाशी आला. “घोड्या कधी देतोस? मला ब्रेक बघायचेत.”

“रविवारी देतो. अगदी नक्की.”

“कुठल्या सालातला रविवार, तेवढं सांगून ठेव!”

मित्रांनो, शनिवारी सकाळी डेसने आपली गाडी काँक्रीटच्या दोन पोकळ ब्लॉकवर ठेवली. पाच मिनिटांचेच काम आहे, असे तो बायकोला म्हणाला होता. लोखंड वाकते, कुरकुरते, थोडी तरी सूचना देते. पोकळ ब्लॉक काहीच सांगत नाही. तो उभा असतो आणि पुढच्या क्षणी त्याचा चुरा झालेला असतो.

बातमी आली तेव्हा विल्फला जॅक कुठे ठेवला तेही आठवेना. त्याने गाडीला पाठ लावून ती आमच्यावरून ढकलून दिली. गाडी चाकांवर आदळली आणि मी तिच्याखाली आडवी झाले. बिनसायलेन्सरची ती गाडी गर्जना करीत इस्पितळाकडे गेली. सगळ्या गावाने तो आवाज ऐकला. डेस तोवर गेला होता. त्याची मुलगी ब्रॉन तेव्हा दोन वर्षांची होती.

त्या दिवसानंतर विल्फने हातात पाना धरला नाही. आम्हाला त्याने परतही केले नाही. कोणाला करणार? फळीवर आम्ही अठ्ठावीस वर्षे बसून राहिलो. लाल धूळ साचली, पिवळी अक्षरे पुसट झाली. आणि माझ्या डाव्या पायाच्या जोडापाशी, जिथे मी गाडीखाली चेपले होते तिथे, एक केसाएवढी रेघ होती. तो नुसता ओरखडा होता की आत गेलेला तडा? मला स्वतःला ते कळत नव्हते. फळीवर बसून असेपर्यंत त्याने काही बिघडत नव्हते. पण कोणी मला पुन्हा गाडीखाली लावले तर? हा विचार मी रोज करी आणि रोज अर्धवट सोडून देई.

मग ब्रॉनचे पत्र आले. ती आता तीस वर्षांची आहे आणि उत्तरेला वाराटा नावाच्या मेंढ्यांच्या कुरणावर तिथल्या मुलांना शिकवते. पत्रात लिहिले होते :

‘विल्फकाका, इथून गॅरेज तीनशे किलोमीटरवर आहे, म्हणून माझी गाडी आता मीच दुरुस्त करायला शिकते आहे. कोणती हत्यारं घेऊ? दुकानाच्या पुस्तकात दोनशे पान्यांची पेटी आहे, ती बघून मी गोंधळून जाते. आणि आई म्हणाली, बाबांनी बनवलेल्या घोड्या तुमच्याकडे आहेत. त्या मला पाठवाल? बाबांच्या हातचं माझ्याकडे काहीच नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत मी इथल्या ओंडक्यांवर भागवते.’

ते शेवटचे वाक्य विल्फ दर वेळी दोनदा वाचत असे.

तुम्ही म्हणाल, मग त्याने लगेच का लिहिले नाही? त्याने लिहिले, मित्रांनो. ग्रंथालयातून पाच पुस्तके आणून त्याने अकरा पाने लिहिली आणि फाडली. पुन्हा लिहिली आणि पुन्हा फाडली. आपण सांगितले आणि तेच चुकीचे ठरले तर? ज्याच्या दिरंगाईने बाप गेला, त्याने मुलीला कोणत्या तोंडाने सल्ला द्यावा? अशा शंका घेत तो बसून राही. त्या घोळात सात महिने कसे गेले ते त्याला कळलेच नाही. मी मात्र एक एक दिवस मोजत होते. माझ्या डोक्यावर पत्र होते आणि तिकडे तिच्या डोक्यावर गाडी.

नाताळाच्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातल्या, आठवड्यात ब्रॉनचे भेटकार्ड आले. त्यात एक फोटो होता. लाल मातीत एक गाडी, गाडीखाली झाडाचे दोन ओंडके आणि मधून बाहेर आलेले दोन बूट. मागे लिहिले होते, ‘काका, उत्तर नाही आलं, पण काम थांबत नाही!’

विल्फ शेडच्या दारातच खाली बसला. कुंपणापलीकडून मिलेना मारिचने ते पाहिले. मिलेना त्याची शेजारीण. तिचा नवरा डेसबरोबर खाणीत होता.

“अहो विल्फ, उन्हात काय बसलाय? पापड वाळत घातलाय की काय स्वतःचा?”

त्याने फोटो पुढे केला. तिने पाहिला आणि तिचे हसू मावळले.

“फोन लावा हिला. आत्ता.”

“मला फोनवर बोलता येत नाही, मिलेना.”

“येत नाही म्हणे! सात महिने पत्र येत नाही, आता फोन येत नाही. मी लावते.” तिने नंबर फिरवून फोन त्याच्या कानाला लावला. पलीकडून “हॅलो, हॅलो” ऐकू येत राहिले. मिलेनाने विल्फला कोपराने ढोसले. “बोला की हो! पोरगी काय देवाशी बोलतेय?”

“ब्रॉन,” विल्फ म्हणाला, “गाडीखाली जाऊ नकोस. पत्र येतंय.” आणि त्याने फोन परत दिला. सात महिन्यांत त्याच्या तोंडून निघालेले हे पहिले उत्तर.

मिलेना म्हणाली, “शब्द दिलात, आता पाळा. ह्या घोड्या आजच बांधून पाठवा. तिच्या बापाची आठवण आहे ती.”

विल्फने मला फळीवरून खाली घेतले. माझ्या अंगावर काटा आला, म्हणजे लोखंडाला येतो तेवढा. मला ओरडून सांगायचे होते, मला पाठवू नकोस! मी कशी आहे ते मलाच माहीत नाही! पण घोडीला तोंड नसते. मी फक्त त्याच्याकडे पाहत राहिले आणि तो मला खोक्यात ठेवू लागला.

ठेवता ठेवता तो थांबला. त्याचा अंगठा माझ्या डाव्या पायाच्या जोडावर होता.

“काय झालं?” मिलेनाने विचारले.

“काही नाही. एका पुस्तकात एक वाचलं होतं...”

“पुन्हा पुस्तक! आता तरी पुरे करा.”

पण तो ऐकेना. त्याने फडके रॉकेलमध्ये भिजवले आणि आम्हा दोघींच्या सगळ्या जोडांवर फिरवले. अर्धा तास थांबला. मग आम्हाला कोरडे पुसले आणि शाळेतला पांढरा खडू कुटून त्याची पूड आमच्यावर भुरभुरवली. हातोडीने हलकेच टिचक्या दिल्या आणि तो वाट पाहत बसला. ओरखडा वरच्यावर असतो, त्यात रॉकेल राहत नाही. तडा मात्र ते पिऊन घेतो आणि हळूहळू बाहेर टाकतो.

बहिणीच्या अंगावरचा खडू पांढराच राहिला. माझ्या पायावर आधी एक ठिपका उमटला. मग तो लांबला. पाहता पाहता पांढऱ्या खडूवर एक काळी, ओली रेघ जोडाच्या अर्ध्यापर्यंत गेली.

“अरे देवा,” मिलेना पुटपुटली. “मी म्हणत होते पाठवा. आणि ही त्या पोरीच्या...” तिने खोके बाजूला सरकवले. मग म्हणाली, “वाचा हो तुम्ही पुस्तकं. मी काही बोलणार नाही.”

अठ्ठावीस वर्षांची माझी शंका फिटली. मला वाईट वाटायला हवे होते, नाही का? पण खरे सांगते, मला हायसे वाटले. मी भित्री नव्हते. भिण्यासारखे माझ्यात खरेच काही होते.

दुसऱ्या दिवशी विल्फने मला पिशवीत घालून हत्यारांच्या दुकानात नेले. त्याने विक्रेतीला इतके प्रश्न विचारले की ती म्हणाली, “आजोबा, घोड्या घ्यायच्यात की मुलीचं लग्न जमवायचंय?” तो लाजला, पण विचारायचे थांबला नाही. किती टन पेलते? ते अंगावर कोरले आहे का? बैठक रुंद आहे का? दाता निसटला तर अडवणारी खीळ आहे का? शेवटी त्याने दोन नव्या घोड्या घेतल्या. त्यांच्या पाठीवर आकडा स्पष्ट कोरलेला होता. मला त्यांचा हेवा वाटला आणि आनंदही झाला.

त्या संध्याकाळी उत्तर लिहून झाले. ते एकाच पानाचे होते. त्याने मला ते वाचून दाखवले :

‘ब्रॉन, दोनशे पान्यांची पेटी घेऊ नकोस. तुझ्या गाडीला लागतात ते आठ-दहा चांगले पाने घे, बाकीचे लागतील तसे. पण त्याआधी घोड्या. नव्या दोन पाठवतो आहे. चाकं सरकू नयेत म्हणून ठोकळे घे. मातीत काम करशील तर घोड्यांखाली आणि जॅकखालीही जाड फळी ठेव. खाली जाण्याआधी गाडीला खांद्याने दोनदा धक्का दे. तुझे बाबा तसं करत. त्यांच्या घोड्यांपैकी एकीला तडा आहे, ती मी कापतो आहे. दुसरी धड दिसते, पण ती किती पेलते ते कोणी मोजलेलं नाही. म्हणून ती माझ्या बागेच्या बाकाखाली राहील, माणसाच्या वर नाही. इथे आलीस की तिला हात लावून बघ. त्या शनिवारी दोघीही माझ्याकडे होत्या, ब्रॉन. मी त्या वेळेवर दिल्या नाहीत. हे तुला आधीच सांगायला हवं होतं. – विल्फकाका’

मग त्याने करवतीने माझा दातेरी दांडा मधोमध कापला, म्हणजे भंगारातून उचलून कोणी मला पुन्हा गाडीखाली लावू नये. मित्रांनो, आपल्या घरातल्या जुन्या वस्तूंवर प्रेम करा, त्यांना पुसा, तेल द्या. पण ज्या वस्तूवर कोणाचा जीव टेकणार आहे, तिला आधी तपासा. ती उत्तर देऊ शकत नसेल तर तिला त्या कामातून मोकळे करा. असे मोकळे केल्याने तिचा अपमान होत नाही.

आज सकाळी मी दोन तुकड्यांत गाडीच्या मागच्या बाकावर होते. भंगारवाल्याकडे जाताना विल्फने टपाल कार्यालयापाशी गाडी थांबवली. नव्या घोड्यांचे जड खोके त्याने खिडकीवर दिले. ते पोचायला दोन आठवडे लागणार होते, पण साधे पत्र उद्याच्या टपालविमानाने जाणार होते. पाकीट घेऊन तो बाहेरच्या लाल पेटीपाशी गेला. पाकीट अर्धे आत घातले आणि बाहेर काढले. गाडीत येऊन बसला. तो पाकीट हातात उलटसुलट करीत होता आणि मी मागून पाहत होते. जा ना विल्फ, मी मनात म्हणत होते, रविवार आला.

तो पुन्हा उतरला. या वेळी थांबला नाही. पाकीट आत पडले.

मग त्याने इकडे तिकडे पाहिले, पेटीला खांदा लावला आणि दोनदा जोरात धक्का दिला.