आवडाक्का विमानात बसतात

एकोणीसशे एकतीस सालच्या माघात, भर दुपारी, काशीदच्या ओल्या वाळूवर एक विमान उतरलं. इंजिन अडखळत होतं म्हणे. सगळा गाव किनाऱ्यावर लोटला. आवडाक्का तेवढ्या घरातून हलेनात.

त्यांचा धाकटा भाऊ शिवदास. वडील बोटीवरचे डॉक्टर. त्यांनी पोराला शिकायला विलायतेला नेलं ते नेलंच. महायुद्धात तो तिथेच लढाऊ वैमानिक झाला, शौर्यपदक मिळवलं आणि फ्रान्सच्या आकाशात लढताना पडला. सगळा गाव हळहळला. आक्कांनी मात्र त्याची थट्टा सोडली नाही. पदक लावलेल्या त्याच्या फोटोवरची धूळ पुसताना म्हणायच्या, "काय शूरवीर, माळ्यावरून उतरायला आक्का लागायची ना?"

शेवटी रघू कोळी बोलवायला आला, तेव्हा त्या निघाल्या.

चांगदेव दिघे नावाचा तरणा वैमानिक तेलकट हात पुसत उभा होता. इंजिन आता ठीक झालं होतं. आक्कांनी विमानाभोवती फेरी मारली, पंखावर टिचकी मारून पाहिली.

"अगोबाई, हे तर कापड! आणि एवढ्याशा जागेत आमचा शिवदास बसायचा? जेवायला बसला की त्याचं कोपर शेजारच्याच्या ताटात!"

रघूने भावाचं पूर्ण नाव सांगताच चांगदेव ताठ झाला. "त्यांच्याबद्दल वाचलंय मी. आक्का, येता का एक चक्कर मारायला? ओहोटी आहे तोवर होईल."

"आक्का, तुमी खाली नाय आल्या तर तुमच्या मालकांना काय सांगू?" रघूने विचारलं.

"सांग, आमटी झाकून ठेवलीय." आणि पदर खोचून त्या चढल्या.

विमान उठलं तसे आक्कांनी डोळे गच्च मिटले. देवांची नावं संपली, मग नात्यातल्या माणसांची सुरू झाली. बऱ्याच वेळाने डोळे उघडले, तर खाली जंजिरा वाटीएवढा आणि होड्या तांदळासारख्या. यात बसून तो पोरगा लढायचा! त्यांना एकही टोमणा सुचेना.

खाली उतरल्यावर त्या वाळूतच बसल्या.

"घाबरलात?" रघू हसत म्हणाला.

"मेले होते रे भीतीने. तोही घाबरत असणार. आणि तरी रोज जायचा." त्यांचा आवाज फुटला. फ्रान्सहून तार आली तेव्हासुद्धा न रडलेली बाई सगळ्या गावादेखत हमसून हमसून रडली. कोळणींनी त्यांना मधे घेतलं. चांगदेव टोपी हातात धरून उभा राहिला.

भरती लागायची वेळ झाली. आक्कांनी नाक पुसलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"पुन्हा बिघडायचं असेल तर आधी कळव बाबा. आज घरात नुसती आमटी आहे. पापलेट आणवून ठेवीन."