जर्मन झालेली रशियन बंदूक

मी बंदूक बोलतेय. जन्माने रशियन, पण लोकांच्या लक्षात राहिले ती जर्मन म्हणून. ऐकायला विचित्र वाटेल, पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ तोच.

माझा जन्म इझेव्स्कच्या कारखान्यातला, १९१५ सालचा. त्या वेळच्या लढाईत मी तीन सैनिकांच्या खांद्यांवर होते. तिघांपैकी एकही घरी गेला नाही. पुढे माझी नळी आतून इतकी झिजली, की गोळी कुठे जाईल याचा नेम उरला नाही. मग मला मॉस्कोला सिनेमावाल्यांच्या स्वाधीन केलं. दुसरी लढाई पेटली, जर्मन सैन्य मॉस्कोच्या वेशीशी आलं, तसा अख्खा स्टुडिओ मालगाडीत चढला. कॅमेरे, दाढ्या, गणवेश, नट-नट्या आणि आम्ही चौदा बंदुका, सगळे दूर कझाकस्तानात आल्मा-आताला येऊन पोचलो.

तिथे आमची मालकीण होती ग्लाफिरा तिखोनोव्हना. पन्नाशीची, जाडजूड, तोंडाची फटकळ. चांगलं तेल सगळं आघाडीवर जायचं, म्हणून ती आम्हाला सूर्यफुलाचं तेल चोळायची आणि बोटाला उरलेलं चाटून म्हणायची, "तुमचं बरं आहे बायांनो, तुम्हाला तरी फोडणी मिळते!"

तिथे जर्मनांच्या अत्याचारांवर एक चित्रपट निघाला, पण जर्मन बंदुका आणायच्या कुठून? ग्लाफिराने माझ्या बोल्टचा, म्हणजे गोळी आत सरकवायच्या खिट्टीचा, दांडा वाकवला, दस्त्याला काळा रंग फासला, पट्टा बदलला. आरशात पाहिलं तेव्हा माझी मलाच ओळख पटेना. "झाली फॅसिस्ट!" म्हणून तिने माझ्या दस्त्यावर थाप मारली.

त्या चित्रपटात मला हाती धरणारा नट होता वेन्यामिन इसाकोविच. उंच, घाऱ्या डोळ्यांचा, म्हणून जर्मन अधिकाऱ्याचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. खरं तर तो वीतेब्स्कचा ज्यू. त्याची आई तिकडेच राहिली होती, आणि तिकडे आता जर्मन होते.

मी त्याच्या हातात होते ती सकाळ मला अजून आठवते. गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी युक्रेनमधलं खेडं उभं केलं होतं. मागचे बर्फाळ डोंगर चौकटीत येऊ नयेत म्हणून कॅमेरा सारखा हलवत होते. एका म्हातारीने दार अडवायचं आणि अधिकाऱ्याने तिला गोळी घालायची, एवढाच प्रसंग. म्हातारीचं काम करत होती राइखान आपा, तिथलीच कझाक बाई, रोज स्टुडिओच्या खानावळीत कढया घासणारी. डोक्याला युक्रेनी रुमाल बांधून चेहरा अर्धा झाकला होता. तिचा मुलगा अमनताय आघाडीवर होता. पाच महिने त्याचं पत्र नव्हतं.

वेन्यामिनने मला उचललं, नेम धरला आणि खाली घेतलं. पुन्हा उचललं, पुन्हा खाली. त्याच्या तळहाताला इतका घाम होता, की माझा नवा रंग त्याच्या बोटांना लागला.

"अहो, फिल्म किती उरलीय माहीत आहे ना?" दिग्दर्शक ओरडला.

ग्लाफिरा धावत आली. "आत गोळी नाही रे, नुसती दारू आणि कागदाचा बोळा आहे. नेम जरा बाजूला धर, काही होत नाही."

"ते मला कळतं, ग्लाफिरा तिखोनोव्हना," तो हळूच म्हणाला. "पण माझ्या आईच्या दारात असाच कोणी उभा राहिला असेल, तर? त्याच्यासारखं मी उभं राहायचं?"

राइखान आपा दारातून निघाली ती थेट त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. माझी नळी तिने हाताने बाजूला सारली, कढईतली पळी सारावी तशी.

"पोरा, तू मला मारतोयस का? तू दाखवतोयस. माझा अमनताय कशासाठी गेलाय, ते इथे कोणी डोळ्यांनी बघितलंय? बघू दे त्यांना. आणि लवकर आटप, माझ्या कढया पडल्यात तिकडे."

ती परत जाऊन दारात उभी राहिली. वेन्यामिनने चाप ओढला. माझ्या तोंडातून धूर निघाला आणि राइखान आपा अशी कोसळली, की दिग्दर्शकही क्षणभर "थांबा" म्हणायचं विसरला. वेन्यामिन मला टाकून पळत गेला आणि तिला उठवताना रडायला लागला. ती गुडघे झटकत म्हणाली, "जमलं ना? पुन्हा पडायला लावू नका, कंबर धरलीय."

चित्रपट सगळीकडे लागला. एक दिवस वेन्यामिन आमच्या शस्त्रांच्या खोलीत आला तो कोटावर लाल डाग घेऊनच.

"बाजारात एका बाईने टोमॅटो मारला. म्हणते, हाच तो म्हातारीला मारणारा!"

"मग? पुसून खाल्लास की नाही?" ग्लाफिराने विचारलं.

"खाल्ला," तो म्हणाला, आणि दोघंही पोट धरून हसली. मला वाटतं, आल्मा-आताला आल्यावर तो पहिल्यांदाच तसा हसला असेल.

उन्हाळा सरताना राइखान आपा धापा टाकत आली. हातात आघाडीवरून येतं तसं तिकोनी घडीचं पत्र. अक्षर रशियन, तिला वाचता येईना. ग्लाफिराने तेलकट हात पुसले आणि मोठ्याने वाचलं.

पत्र अमनतायचं होतं, लिहिलं होतं नर्सने. उजवा हात कोपरापासून गेला होता. अशा अवस्थेत घरी काय कळवायचं, म्हणून तो गप्प राहिला होता. मग इस्पितळात एका चादरीवर चित्रपट दाखवला. 'आई, मी तुला ओळखलं. रुमाल दुसरा होता, पण पडण्याआधी तू जशी कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस, तशी जगात दुसरी बाई नाही. तू पडलीस आणि मी वॉर्डात ओरडलो. सगळे म्हणाले, अरे, सिनेमा आहे. तरी मला रात्र काढवेना. आई, तू आहेस ना? लगेच कळव.'

राइखान आपा खाली जमिनीवरच बसली. "आहे रे, आहे," ती पत्रालाच सांगू लागली. वेन्यामिन दारात उभा होता. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "बघितलंस? आणि तू चाप ओढत नव्हतास!"

अमनताय पुढच्या वसंतात घरी आला. वेन्यामिन लढाई संपल्यावर वीतेब्स्कला गेला. आईचं घर नव्हतं, गल्लीही नव्हती. तो परत आल्मा-आतालाच आला. राइखान आपाच्या घरी दर रविवारी त्याच्यासाठी वाटी मांडलेली असायची. ग्लाफिरा मॉस्कोला गेली. जाताना तिने आम्हाला शेवटचं तेल लावलं आणि त्या दिवशी बोट मात्र चाटलं नाही.

आता मी आल्मा-आताच्याच संग्रहालयात काचेच्या कपाटात असते. नळीत शिसं ओतलंय. शाळेची मुलं येतात आणि नेमकं हेच विचारतात, "हिने किती माणसं मारली?" पहिल्या लढाईतलं मला आठवायचं नाही. पण पडद्यावर मी एकच बाई मारली, आणि ती त्यानंतर सव्वीस वर्षं जगली, नातवंडांना ओरडत, सफरचंदाचा मुरंबा करत. मुलांनो, तेवढंच माझ्या नावावर राहू द्या. मला या काचेतून बाहेर काढू नका.