कुणाच्या बाजूचं

सासूबाईंची शीर सापडत नव्हती. रक्त घेणाऱ्या मुलीने दंडावर रबरी पट्टा आवळला, कोपराच्या आतल्या बाजूला दोन बोटांनी टिचक्या मारल्या, पट्टा सोडला आणि दुसरा हात मागितला.

"मूठ वळा, आजी. घट्ट."

सासूबाईंनी मूठ वळली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. वहिनी समोरच्या खुर्चीत बसली होती. आत एकाच नातेवाइकाने थांबावं अशी पाटी दारावर होती आणि नणंद आधीच आईच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. तरी वहिनी हलली नाही. सुई आत गेली तशी सासूबाईंच्या ओठांची बारीक रेघ झाली. तीही तिने नीट पाहून घेतली. चष्म्याच्या कारखान्यात ती दिवसभर काचा घासायची, बारीकसा ओरखडा शोधायची तिच्या डोळ्यांना सवय होती.

"झालं. कापूस दाबून धरा."

खरं तर सासूबाईंच्या रक्ताची कुणालाच गरज नव्हती. वहिनीला होती.

नणंद बेचाळिसाव्या वर्षी गरोदर होती. ती शाळेत गणित शिकवायची, लग्न उशिरा केलं होतं, आणि लग्नानंतर दोनदा दिवस राहून गेले होते. ही तिसरी खेप. वय पाहता बाळाची तपासणी करून घ्या, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. पण खात्रीची तपासणी म्हणजे पोटात सुई घालून आतलं पाणी काढायचं, आणि त्यात बाळ जाण्याचा थोडासा धोका. दोन गमावलेल्या बाईला त्यातलं 'थोडासा' ऐकूच येत नाही. ती रडायला लागली तेव्हा तिथल्या समुपदेशक बाईंनी विचारलं, नात्यात कुणाला डाउन सिंड्रोमचं मूल आहे का? आहे, नणंद म्हणाली, माझ्या भावाला. मग आधी ते कुठून आलं ते बघू, बाई म्हणाल्या. बहुतेक वेळा ते आपोआप घडतं, कुणाकडून येत नाही. पण काही थोड्या घरांत ते रक्तातून चालत येतं. तुमचं, त्या मुलाचं आणि त्याच्या आईवडिलांचं रक्त तपासलं, तर सुईचा धोका पत्करायचा की नाही हे तुम्हाला ठरवता येईल.

म्हणून नणंदेने फोन केला होता, अडखळत, मध्येच घसा खाकरत.

"वहिनी, तू म्हणशील, आता बरी आठवण झाली."

"बोला ना, ताई."

वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि लगेच हो म्हटलं.

"फक्त आईंनाही घेऊन या. आणि निकाल सांगतील तेव्हा सगळ्यांनी बसायचं. एका खोलीत."

"आईची काय गरज आहे गं?"

"मग राहू दे."

"नाही, नाही. आणते."

फोन ठेवल्यावर वहिनी कितीतरी वेळ ओट्यापाशी उभी राहिली होती. इतकं हलकं तिला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

तिचा मुलगा आता चौदा वर्षांचा होता. दिसेल त्याला सलाम ठोकायचा म्हणून घरात त्याचं नाव मेजर पडलं होतं. तो जन्मला त्या दिवशी डॉक्टर सांगून गेले आणि पाठोपाठ बाहेरच्या बोळात नणंद आईला म्हणाली होती, "हिच्या माहेरचं नीट बघायला हवं होतं." दार उघडं होतं. मेजर वहिनीच्या छातीशी होता, दूध ओढायला अजून शिकला नव्हता. सासूबाईंनी ते वाक्य उचललं आणि पुढे ज्याला त्याला ऐकवलं. 'आमच्याकडे असं कुणी नाही बाई' म्हणायचं आणि पुढचं बोलायचं नाही, सुस्कारा सोडायचा. सगळं खापर असं सुस्काऱ्यासुस्काऱ्याने वहिनीच्या माहेरावर फुटलं. नवऱ्याने तोंडातून ब्र काढला नाही. भित्रा आहे, वहिनीने मनाशी म्हटलं होतं, आईपुढे त्याचं काही चालत नाही. भित्र्या माणसावर फार वेळ रागावता येत नाही, म्हणून तिने राग त्या दोघींसाठी राखून ठेवला.

नणंदेचं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा वहिनी भेटायला गेली नाही. दुसरं गेलं तेव्हा गेली, आणि मुद्दाम मेजरला घेऊन गेली. त्याला नणंदेच्या पलंगावर, तिच्या पायाशी बसवलं आणि चहा होईपर्यंत तिथून हलू दिलं नाही.

"पुढचा कोण?" रक्त घेणाऱ्या मुलीने विचारलं.

मेजर पुढे झाला. सलाम ठोकून खुर्चीत बसला. मुलीनेही हातमोज्यानिशी उलट सलाम केला, तर तो इतका खूश झाला की सुई टोचल्याचं त्याच्या लक्षातच आलं नाही. मग दुसरा हात पुढे करून म्हणाला, "याचं पण घ्या."

"अरे, दुकान काढायचंय का तुझ्या रक्ताचं?" मुलगी हसली. "आई झाल्या, आत्या झाल्या. आता वडील."

वडील तिथे नव्हते.

वहिनी शोधत बाहेर आली. नवरा जिन्याच्या वळणावर कठड्याला टेकून उभा होता. लिफ्ट दुरुस्त करणं हे त्याचं काम. दहा-दहा मजले खोल पोकळीत तो बेधडक उतरायचा, पण आत्ता त्याच्या कपाळावर घाम होता.

"चल. तुझं राहिलंय."

"माझं नको."

"सुईला घाबरलास?"

"माझं झालंय," तो म्हणाला.

"कधी? आत्ता तर—"

"तेव्हाच. मेजर तान्हा होता तेव्हा. डॉक्टर म्हणाले, एकदा बघून घ्या. मी एकटाच गेलो होतो."

वहिनीने कठडा धरला नाही. हात कोपरापाशी आणून तिथला कापूस दाबत राहिली.

"मग?"

"माझ्याकडूनच आहे. गुणसूत्राचा एक तुकडा दुसऱ्याला चिकटलेला असतो. आपल्याला स्वतःला काही होत नाही, मुलांना होऊ शकतं." हे वाक्य त्याने कुणाला तरी सांगायचं म्हणून कधीतरी पाठ केलेलं असावं, इतकं ते सरळ आलं. "आईला सांगितलं असतं तर ती खचली असती गं. तिने आयुष्यभर—"

"आणि मी?"

"तू खंबीर होतीस."

खाली कुणीतरी दार लोटलं आणि त्याचा आवाज जिनाभर घुमला. वहिनीला तिची धाकटी बहीण आठवली. तिचं ठरलेलं लग्न याच बोलण्यावरून मोडलं होतं. मुलाकडचे म्हणाले होते, मोठीचं असं झालंय, आम्ही जोखीम कशी घ्यायची? तेव्हा हाच माणूस तिची समजूत काढायला गेला होता. रात्रभर तिच्याशेजारी बसून, 'तुला याहून चांगला मिळेल' म्हणाला होता.

"आपण घरी जाऊ," नवरा खालच्या आवाजात म्हणाला. "आईला मी हळूहळू सांगेन. आणि ताईला यातलं काही बोलू नकोस हं. तिच्या अशा अवस्थेत नको."

ताईला. वहिनीने मान वर केली. याच्या रक्तात आहे ते सख्ख्या बहिणीच्याही असेल; ताईची दोन गेली, त्याचं कारणही तेच असू शकेल. समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं की रक्तातून चालत आलेलं असलं की काही वेळा पोटातली राहत नाहीत. हे याला ठाऊक होतं. ताईचं लग्न झालं तेव्हा, पहिल्या खेपेला, दुसऱ्या खेपेला, आणि गेले तीन आठवडे ती सुईच्या नावाने रडत होती तेव्हाही.

वहिनी आत गेली. सासूबाई रक्त दिल्यावर आतल्या खाटेवर आडव्या झाल्या होत्या. नणंद बाकावर बसून मेजरच्या हातावरची पट्टी सरळ करत होती.

"ताई, तुमचे भाऊ जिन्यात उभे आहेत. त्यांना तुम्हाला काही सांगायचंय."

"मला?"

"तुम्हाला."

हिच्या पोटात मूल आहे, हिला आत्ता धक्का बसू नये, हे वहिनीला कळत होतं. नणंद बाकावरून उठेपर्यंत तिला थांबवता आलं असतं. तिने थांबवलं नाही.

जिन्याच्या दाराला वरच्या बाजूला काच होती. पलीकडे नवऱ्याची पाठ दिसत होती आणि तिच्या आड नणंदेचा अर्धा चेहरा. नवऱ्याचे हात बोलताना वरखाली होत होते. मग ते खाली पडले. नणंद ओरडली नाही, फक्त एक पायरी मागे सरकली, वर्गात कुणाला उलटी झाली की शिक्षक सरकतात तशी.

ती परत आली ती भिंतीला हात लावत. वहिनीशेजारी बसली. दोघींच्या कोपरावर सारखाच कापूस होता.

"दोन्ही वेळेस दवाखान्यात आला होता," नणंद म्हणाली. "सफरचंदं घेऊन. मला कापून भरवली."

वहिनीने जिन्याच्या दाराकडे पाहिलं.

"वहिनी, सुई घालून घेऊ का मी?"

या बाईने कधीतरी आपल्यापुढे असं बसावं आणि आपल्याला काहीतरी विचारावं, म्हणून वहिनीने कितीतरी उत्तरं घासूनपुसून ठेवली होती. त्यातलं एकही तिला आता वापरावंसं वाटेना.

"मेजर पोटात असताना मला कुणी विचारलं असतं ना, तर मी घेतली असती. आणि निकाल ऐकून काय केलं असतं, ते मला आज सांगता येणार नाही. तो समोर बसलाय. मी काहीही म्हटलं तरी खोटंच होईल."

नणंदेने मेजरकडे पाहिलं. तो पाण्याच्या पिंपाला सलाम करत होता.

"पुढचं पुढे बघू," ती म्हणाली. "पण मला माहीत असायला हवं. दुसऱ्या कुणाला माहीत आहे आणि मला नाही, असं आता नको."

"मग घ्या करून."

"तू येशील बरोबर?"

"येईन." वहिनीने कापूस काढून घडी घातली. "पण त्या दिवशी बोळात जे बोललात, त्याचं तुम्ही कधी काही म्हटलं नाहीत, ताई."

"कुठलं गं?" नणंदेने विचारलं, आणि विचारता विचारताच तिची मान खाली गेली. वहिनीने ती तशीच खाली राहू दिली.

दारात रक्त घेणारी मुलगी उभी होती. "वडिलांचं घ्यायचंय की नाही?"

"घ्या," वहिनी म्हणाली. "तोंडी कशाला? नीट कागदावर येऊ दे."

नवऱ्याने आत येऊन बाही वर केली.

खाली टॅक्सी आली तेव्हा मेजर पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. मागे सासूबाई, मध्ये नणंद, खिडकीशी वहिनी. नवरा दार धरून उभा राहिला. सासूबाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि सरकायला लागल्या.

"ये रे, होईल अडजस्ट."

नणंदेने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बस, आई. जागा नाहीये."

दार बंद झालं. टॅक्सी चौकातून वळली. रस्त्याचं काम चालू होतं आणि खडी फोडणाऱ्या यंत्राने कान किटले होते. सासूबाई मागच्या काचेतून लहान होत जाणाऱ्या मुलाकडे बघत राहिल्या. मग नणंदेकडे, मग वहिनीकडे.

"काय झालंय गं? तुम्ही दोघी अशा का बसलाय?"

"मेजरचं कुठून आलं, ते कळलं," नणंद म्हणाली.

"निकाल तर अजून यायचाय ना? कुठून?"

नणंदेने वहिनीकडे वळून पाहिलं.

"तू सांग," ती म्हणाली. "तुझा हक्क आहे."

वहिनीने खिडकीची काच वर केली, शेवटपर्यंत. यंत्राचा आवाज बाहेर राहिला.