फक्त आवाज

मशीन सुरूच होईना. उस्तादनं मागचं बटण एकदा दाबलं, दोनदा दाबलं. छोट्या पडद्यावर हिरवा उजेड आला आणि पडदा तसाच कोरा राहिला.

"आमच्याच वयाचं आहे, उठायला वेळ लागतो," तो माइकमध्ये म्हणाला. संगीतशाळेचा हॉल खळखळून हसला.

मी तिसऱ्या रांगेत होते. डिस्क घातल्याशिवाय ते यंत्र जागंच होत नाही आणि डिस्क माझ्या पर्समध्ये होती, रुमालात गुंडाळलेली. आधी डिस्क, मग बटण, एवढी साधी गोष्ट. पण त्याला ती ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. रोज सकाळी ते बटण मी दाबायची.

चार दिवसांपूर्वी त्याचा फोन आला होता. मधे सतरा वर्षं गेली होती. "टिकटिक, ओळखलंस का?" मी बोटांनी सारखी टेबल वाजवायची म्हणून त्यानं ठेवलेलं हे नाव. मी त्याला उस्ताद म्हणायची, कारण त्याला एकही वाद्य येत नव्हतं.

"शाळेनं माझा सत्कार ठेवलाय. तू यायचंच. त्या रेकॉर्डवर तुझं नाव राहून गेलं ना, त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगणार आहे मी. आणि हो, ती डिस्क तुझ्याकडेच असेल, तेवढी घेऊन ये."

फोन ठेवल्यावर आमचे हे पेपरमागून म्हणाले, "सतरा वर्षांनी आठवण? काहीतरी हवं असणार त्याला."

"तुम्हाला प्रत्येकात खोटच दिसते."

"बरं बाई. जा, नटूनथटून जा."

गेलेही. ठेवणीतले कपडे काढले, केस धुतले.

स्टेजवर एक तंत्रज्ञ वायरी हलवू लागला. तोवर उस्ताद गोष्ट सांगायला लागला. लाँड्रीच्या वरची त्याच्या रेकॉर्डिंग स्टुडिओची ती खोली, खालून येणारी वाफ, भिंतींना लावलेल्या जुन्या गाद्या. हे त्यानं अगदी बरोबर सांगितलं. माझ्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं.

मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले होते. पत्रं टाइप करायची आणि फोन घ्यायचे. एके दिवशी हे सॅम्प्लर आलं. वर रबराचे सोळा चौकोन. कुठलाही आवाज त्यात भरायचा, त्याचे तुकडे करायचे, एकेक तुकडा एकेका चौकोनावर ठेवायचा आणि बोटांनी वाजवायचा. पुरुषमंडळी त्याच्याकडे संशयानं बघत होती. मला ते टाइपरायटरपेक्षा सोपं वाटलं. सोळाच तर अक्षरं!

समोरच्या चाळीत एक ड्रमवाले काका राहायचे. त्यांचा बँड कधीच मोडला होता. त्यांना मी वर बोलावलं. त्यांनी जेमतेम चार आवर्तनं वाजवली आणि म्हणाले, "पोरी, आता मनगट दुखतं." मला तेवढं पुरे होतं. यंत्रात दहाबारा सेकंदांचीच जागा. म्हणून मी टेप दुप्पट वेगानं फिरवून आवाज भरला आणि आत गेल्यावर तो पुन्हा मूळ वेगावर उतरवला. तसं केल्यानं ड्रमना वाळूसारखी खरखर आली. मग त्यांचे तुकडे पाडले. पायानं वाजणारी जाड किक, काठीचा करकरीत स्नेअर, आणि मधले ते हलके ठोके, जे काकांच्या हातातून नकळत सांडत जायचे. ते सगळे मी मिनिटाला एकशे सत्तर ठोक्यांच्या वेगात नव्यानं मांडले. खाली बेसचा एकच लांब सूर. तीन महिने लागले. काकांचेच ठोके, पण कुठल्याही माणसाच्या हाताला न झेपणारे. ते ऐकून काका म्हणाले होते, "हा मीच आहे. पण तरुणपणीसुद्धा मी असा नव्हतो."

रेकॉर्डच्या पाठीवर एकच नाव छापलं होतं, उस्तादचं. "छपाईची चूक झाली गं," तो म्हणाला, "पुढच्या आवृत्तीत घालू." पुढच्या चारही आवृत्त्यांत ती चूक तशीच राहिली. पुढच्या दोन वर्षांत काकाही वारले. मी दुसऱ्या ऑफिसात नोकरी धरली, आणि निवृत्त होईपर्यंत पत्रंच टाइप केली.

हॉलमध्ये एका मुलीनं हात वर केला. "सर, त्यात स्नेअर किंचित उशिरा पडतो. सोळाव्या आवर्तनात तर सगळंच थांबतं. हे कसं सुचलं?"

मी खुर्चीत पुढे सरकले. आता सांगेल, वाटलं.

"हं," उस्ताद डोळे मिटून हसला. "मशीनला वाटतं, सगळं सरळ रेषेत हवं. मी म्हटलं, नाही. त्याला श्वास घेऊ दे. आणि ती शांतता... ती माझ्या आतली होती."

उशिरा पडणारा स्नेअर माझ्या बोटांचा होता. ठोके आपोआप सरळ करायची सोय मी बंद ठेवायची, आणि हाच माणूस रोज मागे उभा राहून म्हणायचा, "बसव की सरळ, उगाच काय वाकडं!" आणि सोळाव्या आवर्तनातली शांतता? यंत्रातली जागा संपली होती, दुसरं काय!

"सर, डिस्क लागेल," तंत्रज्ञ म्हणाला.

"अरे, आहे ना! आमच्या जुन्या टायपिस्ट ताई आल्यात. फार व्यवस्थित. एवढी वर्षं सांभाळून ठेवली बघा. ताई, या ना वर. टाळ्या होऊन जाऊ द्या!"

टाळ्या झाल्या. मी उठले. खोटं काहीच बोलला नव्हता तो. मी टायपिस्टच होते, डिस्क मीच सांभाळली होती. एवढ्या हुशारीनं बोलायला कधी शिकला, कोण जाणे.

स्टेजवर गेले, यंत्र बंद केलं, डिस्क घातली, मग बटण दाबलं. आतून ती ओळखीची घरघर आली. पडद्यावर अक्षरं उमटली. त्या यंत्रात आवाज वेगळे भरावे लागतात आणि त्यांची मांडणी वेगळी. आवाज म्हणजे नुसते तुकडे. कुठला तुकडा केव्हा आणि किती जोरात, ते सगळं मांडणीत असतं. मी आवाज भरले. मांडणीच्या ओळीवर बोट आणलं आणि तिथंच थांबले. मग डिस्क बाहेर काढून पर्समध्ये टाकली.

उस्तादनं चालू करायचं बटण दाबलं. काही नाही. त्यानं माइकवर हात ठेवला. "टिकटिक, अगं सगळं भर ना. लोक बसलेत."

"सगळे आवाज आहेत आत."

"मग वाजत का नाही?"

"सोळा चौकोन आहेत, उस्ताद. वाजव."

"मला कुठं येतं? वेडेपणा करू नकोस. नंतर बोलू आपण, शपथ सांगतो."

"वाजव. मशीनला श्वास घेऊ दे."

मी पायऱ्या उतरले. जागेवर न जाता दाराशी उभी राहिले. त्यानं घसा साफ केला. "आपण एकेक आवाज ऐकू या," म्हणाला. बोट उचलून एक चौकोन दाबला. किक. दुसरा दाबला. स्नेअर. किक, स्नेअर, किक, स्नेअर, शाळेच्या कवायतीसारखं. पुढच्या रांगेत शूटिंग करणाऱ्या दोघांनी मोबाईल खाली ठेवले. मघाचची ती मुलगी आधी त्याच्या बोटांकडे बघत होती, मग वळून दाराकडे बघायला लागली.

दारावर हात ठेवला तेवढ्यात त्यानं कोपऱ्यातला शेवटचा चौकोन दाबला. तो मी गाण्यात कधीच वापरला नव्हता. वाजवायला सुरुवात करण्याआधी काकांनी घेतलेला श्वास होता त्याच्यावर. टाकवला नव्हता मला.

मोठ्या स्पीकरमधून तो श्वास हॉलभर आला. उस्तादला वाटलं, यंत्र बिघडलंय. त्यानं तोच चौकोन पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. काका पुन्हा पुन्हा श्वास घेत राहिले, आणि पुढे काही वाजत नव्हतं.